रिटर्न पाइपातला झोळ

त्या वर्षी आमच्या घराला निळ्या धुराची सवय झाली होती. पाऊस ओसरत आलेला, शेतातला झेंडू कळीवर आलेला, आणि अंगणात दामूकाकांची जीप सुरू झाली की पडवीपासून गोठ्यापर्यंत जळक्या तेलाचा वास पसरायचा. आई चुलीपुढून उठून भाकरीच्या टोपलीवर फडकं टाकायची. दादा, म्हणजे माझे वडील, फुलांच्या पाट्या गाडीपासून लांब सरकवायचे आणि पाटाच्या पाण्याकडे बघत राहायचे. मी तेव्हा पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला होते. मेकॅनिकलच्या वर्गात आम्ही दोघीच मुली, आणि इंजिनातलं आपल्याला घरात सगळ्यांपेक्षा जास्त कळतं अशी माझी पक्की समजूत होती. त्या धुराने ती समजूत मोडली. तिच्या जागी काय आलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

आमचं घर मखमलाबादला, पाटाच्या कडेला. पुढे पत्र्याची पडवी, मागे गोठा, आणि घरापासून पाटावरच्या रस्त्यापर्यंत चढत जाणारी मातीची वाट. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब असं फुलांचं रान होतं. पडवीत दिवसभर आईच्या सुईचा आवाज असायचा. आवाज म्हणजे काय, झेंडूच्या देठातून सुई जाताना जो बारीकसा कच् होतो तो. शेजारच्या विहिरीवर डिझेलचं इंजिन टुकटुकत असायचं. जेवायला बाजरीची भाकरी, शेंगदाण्याचा ठेचा, काळ्या मसाल्याची आमटी, आणि आठवड्यातून दोनदा भरीत, कारण वांगी घरचीच. दादांचे धाकटे भाऊ दामूकाका तेव्हा बिनलग्नाचे होते. सातपूरच्या एका कारखान्यात फिटर. पहिली पाळी करून ते तीनच्या सुमाराला घरी यायचे, डब्याच्या पिशवीतून काही ना काही लोखंडाचं निघायचं, आणि भाकरी खातानाच त्यांचं ते पुढ्यात मांडून बघणं सुरू व्हायचं. आई म्हणायची, "दामूभाऊ, बोल्ट भाजीत पडला तर मी काढून द्यायची नाय."

काकांनी एक जुनी डिझेल जीप घेऊन तिचा सांगाडा तेवढा ठेवला होता, बाकी सगळं आपल्या हाताने बदललं होतं. गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीचा, पुढच्या चाकांचा दांडा तिसरीचा. नवरात्रात आम्ही वणीच्या गडावर फुलं न्यायचो आणि भरलेली जीप गडाचा घाट चढताना अगदी रडकुंडीला यायची. एका वर्षी वाटेतच थांबावं लागलं आणि निम्मा झेंडू उन्हात मलूल पडला. तेव्हापासून काकांनी मनात घेतलं होतं की या इंजिनाला टर्बो बसवायचा. टर्बो म्हणजे काय हे त्यांनी आईला समजावलं तो दिवस मला आठवतो. "वहिनी, सायलेन्सरातनं जो गरम धूर वाया जातो ना, त्याच्यावर एक पंखा फिरवायचा. त्याच दांड्यावर पलीकडं दुसरा पंखा. तो इंजिनात हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त ताकद." आईने माळेची गाठ मारली आणि म्हणाली, "म्हणजे चुलीचा वैल. एका जाळावर दुसरं पातेलं." काका म्हणाले, "तसंच." मी पुढे इतकी वर्षं मुलांना हा विषय शिकवला, पण याहून सोपं सांगणं मला सुचलेलं नाही.

टर्बो भंगारातून आणलेला होता, एका छोट्या मालट्रकचा. तो उघडून नवा करून देणारा माणूस चांदवडला होता, आग्रा रोडवर, डोंगराच्या पायथ्याशी. दगू मिस्त्री. साठीच्या आसपासचे, उंच, थोडे वाकलेले, एका कानाने कमी ऐकणारे. कांदाचाळींच्या मध्ये त्यांची पत्र्याची शेड होती आणि ट्रकवाले लांबून लांबून त्यांच्याकडे यायचे. मिस्त्रींनी आठ दिवसांत टर्बो करून ठेवला. स्वच्छ फडक्यात गुंडाळून, दोन्ही हातांनी काकांच्या हातात देताना ते म्हणाले, "बसवला का गाडी एकदा आणून दाखवा. टर्बो एकटा काय सांगत नाय. गाडीत बसल्यावर सांगतो." काका हो म्हणाले. मी बरोबर होते; बाहेर आल्यावर मला म्हणाले, "गाडी मी बांधलीय. त्यात त्यांनी काय बघायचंय?"

या टर्बोच्या पंख्यांचा दांडा फार वेगात फिरतो, म्हणून त्याच्या मधोमध इंजिनाचं ऑइल सतत खेळतं ठेवावं लागतं. ऑइल वरून एका बारीक तांब्याच्या नळीतून दाबाने येतं, आणि काम झालं की खालच्या जाड पाइपातून इंजिनाच्या तळाला, ज्याला आमच्याकडे चेंबर म्हणतात, तिथे परत जातं. या परतीच्या वाटेला रिटर्न पाइप म्हणायचं. तो बसवायचं काम काकांनी माझ्यावर सोपवलं. सरळ खाली नेला असता तर तो तापलेल्या लोखंडाजवळून गेला असता आणि रबर भाजलं असतं. म्हणून मी जरा लांब पाइप घेतला, त्याला ब्रॅकेटच्या खालून वळवून नेला आणि किंचित वर उचलून चेंबरच्या तोटीला जोडला. दोन्ही टोकांना क्लिपा, मधे एक पट्टी. दिसायला इतकं नेटकं झालं होतं की काकांनी बॅटरी मारून दोनदा बघितलं. "मंदे, हाताला सफाई हाय तुझ्या," ते म्हणाले. वाक्य एवढंच, पण ते मला आठवडाभर पुरलं. वर्गातली मुलं मला प्रॅक्टिकलला फक्त वही लिहायला लावायची, त्या दिवसांत हे वाक्य फार मोठं होतं.

जीप सुरू झाली तेव्हा टर्बोची बारीक शीळ ऐकू आली. काका गंगापूरच्या रस्त्याने मला आणि दादांना फिरवून आणताना वेडे झाले होते. दादा, जे कधी कशाचं कौतुक करत नाहीत, ते म्हणाले, "ओढते." चार दिवस असे गेले आणि पाचव्या दिवशी सिग्नलला उभं असताना मागच्या रिक्षावाल्याने हाका मारल्या. मागे वळून बघितलं तर निळा ढग.

मग सुरू झालं ते मला गोंधळाशिवाय दुसऱ्या शब्दात सांगता येणार नाही. धूर असायचा, पण भरलेली गाडी चढावर ओढताना नसायचा. उभी असली की यायचा. आम्हाला वाटायचं, इंजिन झिजलं असेल तर जोर लावताना धूर यायला हवा. इथे उलटंच. काकांचे कारखान्यातले मित्र रविवारी यायचे, पडवीत मिसळ खायचे आणि एकेक जण निदान करायचा. एक म्हणाला इंजिनाच्या रिंगा झिजून बसल्या. काकांनी इंजिन उघडलं, रिंगा ठीक निघाल्या. दुसरा म्हणाला डिझेलचा पंप जास्त पाजतोय. पंप तपासला. तिसरा म्हणाला ऑइल जास्त भरलंय, म्हणून थोडं काढलं, आणि दोन दिवस धूर कमी झाल्यासारखा वाटला. मग पुन्हा तसाच. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून जाडजूड पुस्तक आणलं. त्यात टर्बोवर दीड पान होतं आणि त्या दीड पानात ऑइल आत कसं जातं तेवढंच होतं. बाहेर कसं येतं यावर अक्षर नव्हतं. मीही तो विचार केला नाही. आत जाणारी वस्तू बाहेर येणारच, त्यात विचार करण्यासारखं काय आहे, असं मला तेव्हा वाटत असे.

शेवटी सगळ्यांचं बोट टर्बोकडे वळलं. टर्बो काढून बघितला तर धुराकडच्या पंख्यावर ओलं, चिकट ऑइल. म्हणजे आतलं सील गळतंय. काका गोणीत टर्बो घालून एसटीने चांदवडला गेले. मिस्त्रींनी पुन्हा उघडला, सीलच्या पुन्हा नव्या रिंगा घातल्या, पुन्हा म्हणाले गाडी आणा. आठवड्यात पुन्हा धूर. नवरात्र पंधरा दिवसांवर आलेलं. काका घरात कुणाशी धड बोलेनात.

तिसऱ्यांदा ते गेले तेव्हा मीही बरोबर होते. शेडबाहेर बाजेवर ट्रकवाले चहा पीत बसले होते. त्यांच्यात पिंपळगावचा बाजीराव नावाचा ड्रायव्हर होता, तो आमच्या ओळखीचा, कधीमधी आमची फुलं न्यायचा. काकांनी गोणी जमिनीवर ठेवली, ठेवली म्हणजे जवळजवळ टाकली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "मिस्त्री, जुन्याच रिंगा पुसून घातल्या का?"

दगू मिस्त्रींना पहिल्यांदा नीट ऐकू आलं नसावं. त्यांनी चांगला कान पुढे केला. काकांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. दुसऱ्यांदा ते जास्त वाईट वाटलं.

मिस्त्री हात पुसत उभे राहिले. "दोनदा उघडला, दामूशेठ. दोन्ही बारीला नवा माल घातला. गाडी आणा म्हनून दोनदा बोललो. तुम्ही गोणीत टर्बो घेऊन येता."

"गाडीत दोष नाय."

"मंग माझ्यातच असंल," मिस्त्री म्हणाले. त्यांनी गोणी उचलली, तोंड बांधलं आणि काकांच्या हातात परत दिली. "आता दुसरीकडं दाखवा."

परतीच्या एसटीत काका खिडकीबाहेर बघत होते आणि मी काकांच्या बाजूची होते. हे मला लिहायला हवं. मला मिस्त्रींचा राग आला होता. म्हातारा झालाय, ऐकू येत नाही, दिसतही नसेल, असं मी मनात म्हणत होते.

काकांनी तोच टर्बो परत बसवला आणि कारखान्यातल्या कुणाच्या तरी सांगण्यावरून जाड ऑइल भरलं. फरक पडला नाही. दुसऱ्या दिवशी ते पहिल्या पाळीला गेले. आदल्या दिवशी लावलेली जीप पाटाच्या रस्त्याला जाणाऱ्या चढावर तशीच उभी होती, तोंड वर करून. दादांना पाट्या आणायला वाट मोकळी हवी होती, म्हणून मी ती सुरू केली. धूर नव्हता. मी पाच मिनिटं सुरू ठेवली. धूर नाही. मागे घेऊन अंगणात सपाटीवर उभी केली, आणि थोड्या वेळाने निळी रेघ निघाली. पुन्हा चढावर नेली. रेघ बंद. असं मी चार वेळा केलं. दादा पाटी डोक्यावर घेऊन बघत उभे होते. "काय चाललंय?" त्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं, तसंच मी सांगितलं. गाडीचं तोंड कुठे आहे यावर सील गळणार की नाही हे ठरतं, हे कुठल्या पुस्तकात बसत नव्हतं. सीलला चढ-उतार काय कळणार?

मी गाडीखाली गेले आणि बराच वेळ नुसती पडून राहिले. डोक्यावर माझाच नेटका पाइप होता. गाडी सपाटीवर होती आणि पाइप टर्बोकडून खाली येत होता, ब्रॅकेटखाली पोट सोडत होता आणि मग तोटीकडे चार बोटं वर चढत होता. झोळ. गाडीचं तोंड वर असलं की तो झोळ सरळ होत होता, कारण तोटी मागच्या बाजूला होती. तरी मला पटेना. वरून ऑइल दाबाने येतंय, मग चार बोटं चढायला त्याला काय जड आहे?

मी आईला हाक मारली. पाइपाचं खालचं टोक सोडवलं, तोटीत फडकं कोंबलं आणि पाइप सरळ खाली सोडून त्याखाली तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा धरला. आईला सांगितलं, आत बस आणि ही चावी फिरव. आईने आयुष्यात गाडीच्या चावीला हात लावला नव्हता. तिने पदराने हात पुसले, देवाला हात लावावा तशी चावी फिरवली आणि इंजिन लागल्यावर घाबरून दोन्ही हात वर केले. पाइपातून ऑइल आलं. मला धार अपेक्षित होती. आला तो फेस, घुसळलेल्या ताकावर येतो तसा, हवा भरलेला, आळशी. त्यात जोर अजिबात नव्हता. वरचा दाब सगळा दांड्यापाशीच संपत होता. खाली येत होतं ते केवळ स्वतःच्या वजनाने, आणि त्या वजनाला मी चार बोटांचा चढ लावून दिला होता. ते परत जायला वाट न मिळाल्याने वर साचत होतं आणि जिथून फट मिळेल तिथून बाहेर पडत होतं. कुठलंही नवं सील घातलं असतं तरी तेच झालं असतं. जोर लावताना पंख्याकडचा दाब त्याला अडवून धरायचा, म्हणून भरलेली गाडी चढावर ओढताना धूर नसायचा.

"बंद झाला की धूर," आई गाडीतून म्हणाली. "मग आता?"

"काही नाही," मी म्हटलं. "बंद कर."

दुपारपर्यंत मी आखूड पाइप आणला, तो सरळ उताराने खाली नेला आणि तापलेल्या बाजूला पत्र्याचा आडोसा लावला. दिसायला ओबडधोबड. जुना पाइप गोठ्यामागे खोचून ठेवला. तीन वाजता काका आले, त्यांनी जीप सुरू केली आणि तशीच चालू ठेवून सायलेन्सरमागे उकिडवे बसले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग ते उठले तेव्हा त्यांचा चेहरा मी महिनाभरात पाहिला नव्हता असा होता. "जाड ऑइल," ते म्हणाले. "मुरायला एक दिवस लागला त्याला. दगूने हलक्या रिंगा घातल्या, पण ऑइलनं निभावलं." ते मला हसून सांगत होते. मी तोंड उघडलं होतं, हे मला पक्कं आठवतं. मग आतून आईने चहाला हाक मारली आणि मी तोंड मिटलं.

त्या मिटलेल्या तोंडाचा मी नंतर फार विचार केला आहे. भीती म्हणावी तर काकांनी मला कधी बोटही लावलं नव्हतं. सफाईदार हाताचं ते वाक्य परत जाईल असं वाटलं का? असेलही. पण खरं म्हणजे दर दिवशी कारण वेगळं असायचं. पहिल्या दिवशी ते खूश होते म्हणून. दुसऱ्या दिवशी, काल सांगितलं नाही म्हणून. नंतर नवरात्र लागलं, आम्ही गडावर चार फेऱ्या केल्या, जीप घाट शिट्ट्या वाजवत चढली, आणि काका वाटेत भेटेल त्याला बोनेट उघडून दाखवत होते. दाखवताना दगू मिस्त्रींचं नाव यायचंच. "नाव मोठं हाय त्यांचं, पण आता राहिलं नाय काम." मी शेजारी उभी असायचे. कधी कधी तर मान हलवायचे.

दसऱ्याच्या बाजारात बाजीराव भेटला. झेंडूचे ढीग, आपट्याचे भारे, पाय ठेवायला जागा नाही. तो आमच्या पाट्या उतरवताना सहज म्हणाला, "चांदवडच्या म्हाताऱ्याकडं आता कुणी थांबत नाय. परवा गेलो तं शेडात एकटाच बसेल होता." काका म्हणाले, "त्याला मी काय करू?" त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं, पण आपण बोललो म्हणून हे झालं असं त्यांना वाटत नव्हतं. मी पाटी उचलली आणि ती चुकीच्या गाळ्यावर नेऊन ठेवली. त्या दिवशी सोनं वाटून झाल्यावर, पुरणपोळ्या करताना आईने विचारलं, "तू मला त्या दिवशी गाडीत बसवलं, डबा लावला, ते कशाला होतं गं? त्याच्यानंच धूर गेला ना?" मी म्हटलं, "हो." आईने पोळी उलटली. "मग दामूभाऊ ऑइलचं काय सांगतात?" मी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. तिने पुन्हा विचारलंही नाही. पुन्हा विचारलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

दोन दिवसांनी कॉलेजला म्हणून निघाले आणि चांदवडची एसटी धरली. शेड उघडी होती. दगू मिस्त्री बाजेवर बसून कसलीशी कानस साफ करत होते. त्यांनी मला ओळखलं, पण बस म्हणाले नाहीत. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. पाइप, झोळ, चढ, डबा, फेस. चुकीच्या कानाकडून बोलत होते हे निम्मं झाल्यावर लक्षात आलं, मग दुसऱ्या बाजूला जाऊन पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

"रिटर्नला झोळ," ते म्हणाले. "म्हनून गाडी आणा म्हनत होतो." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आनंदही नव्हता. "काकाला सांगितलं का?"

"नाही."

"मंग मला सांगून काय उपेग, पोरी? मला तं माहीतच होतं का मी नवा माल घातला. गिऱ्हाईक तुझ्या काकाच्या तोंडानं गेलं."

मला वाटलं होतं, इथे येऊन सांगितलं की ओझं उतरेल. ते होतं तसंच होतं आणि परतीची गाडी तासाभराने होती. मिस्त्रींनी मला पाण्याचा तांब्या दिला आणि पुन्हा कानस हातात घेतली.

काका घरी आले तेव्हा मी अंगणातच थांबले होते. ते हौदावर हातांना साबण लावत होते. मी सांगून टाकलं, यावेळी एका दमात. ते हात चोळत राहिले. फेस काळा झाला, धुतला, पुन्हा साबण लावला. "कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"नवरात्राच्या आधी. ज्या दिवशी धूर थांबला त्या दिवशी."

त्यांनी हात धुतले, ओलेच ठेवून ते जीपजवळ गेले, खाली वाकून बघितलं आणि बराच वेळ वर आले नाहीत. त्या दिवशी ते जेवले नाहीत. आईने मला काही विचारलं नाही, दादांनीही नाही, म्हणजे सगळ्यांना कळलं होतं. रविवारी सकाळी काका म्हणाले, "चल. तो जुना पाइप कुठंय?"

तो गाडीत टाकून आम्ही चांदवडला निघालो. वाटेत पिंपळगावला थांबून काकांनी बाजीरावला घरातून बोलावून गाडीत बसवलं. कशाला, ते त्यालाही सांगितलं नाही. शेडपुढे जीप उभी करून काकांनी बोनेट उघडलं आणि मिस्त्रींच्या चांगल्या कानाकडून म्हणाले, "मिस्त्री, गाडी आणलीय."

मिस्त्री वाकले, हात घालून पाइप चाचपला. "आता बरोबर हाय की."

"आधी कसा होता ते दाखव त्यांना," काका मला म्हणाले.

मी जुना पाइप दोन्ही हातांत धरला, एक टोक वर, पोट खाली, दुसरं टोक चार बोटं वर. मिस्त्रींनी शेडमधून तेलाची कुपी आणली आणि वरच्या टोकात थोडं ओतलं. आम्ही चौघं बघत राहिलो. खालच्या टोकातून काहीच आलं नाही. तेल पोटात बसून होतं. मिस्त्रींनी माझ्या हाताला खालून हलकेच धरून पाइप सरळ केला, आणि तेल गुपचूप त्यांच्या तळहातावर उतरलं.

"बाजीराव," काका म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "मिस्त्रींचा टर्बो पहिल्या दिवसापासून बरोबर होता. पाइप आमच्या घरचा चुकला. मी जिथं जिथं बोललो तिथं तू बी बोलला असशील. आता हे पण बोल." पाइप पोरीचा, असं ते म्हणाले नाहीत. मी ते ऐकलं आणि मला कुठे बघावं कळेना.

"सांगंल तो," मिस्त्री म्हणाले. "पण गेलेले समदे येतील असं नाय." त्यांनी तळहातावरचं तेल फडक्याला पुसलं. "बसा. चहा टाकतो." ते काकांकडे बघत नव्हते. चहा झाला, तो आम्ही प्यालो. कांद्याच्या भावावर दोन वाक्यं झाली आणि आम्ही निघालो. पुढे बाजीरावने खरंच सांगत फिरायचं काम केलं. काही ट्रकवाले परत गेले, काही गेले नाहीत. काही वर्षांनी मी त्या रस्त्याने गेले तेव्हा शेड होती, दार बंद होतं, आणि त्याचं कारण वय होतं की आम्ही, हे मला कुणाला विचारायचं धाडस झालं नाही.

बाजीराव पिंपळगावला उतरला. मग ओझरच्या अलीकडे काका म्हणाले, "इतके दिवस का नाय बोललीस?"

"तुम्ही खूश होता," मी म्हटलं. त्या वेळी तेवढंच खरं वाटलं.

ते गाडी चालवत राहिले. टर्बोची शीळ वाजत होती. ओझर मागे पडलं, द्राक्षांचे मांडव गेले, आडगावचा नाका आला. तिथे गाडी हळू करून ते म्हणाले, "मला त्या दिवशी कळलं असतं ना, मंदे, तर मी पण गप्प बसलो असतो. गड झाल्यावर बघू म्हटलं असतं. मग दसरा झाल्यावर." ते माझ्याकडे बघत नव्हते. "आणि तू चांदवडला गेलीस तसा मी गेलो असतो का, ते मला सांगता येत नाय."

त्यांनी मला माफ केलं की त्या वाक्याने आपल्या बाजूला बसवून घेतलं, हे मी ठरवू शकले नाही. मी वर्गात मुलांसमोर पाइपाचा उतार फळ्यावर कितीदा काढला असेल, प्रत्येक वेळी ते वाक्य आठवलं, आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ मला जरा वेगळा लागला. घरी पोचलो तेव्हा आई पडवीत होती. "बोलले का मिस्त्री?" तिने विचारलं.

"चहा पाजला," काका म्हणाले.

"मग झालं," आई म्हणाली आणि आम्हा दोघांना ताटं वाढायला आत गेली. काका हात धुवायला हौदाकडे वळले. मी पडवीच्या पायरीवर बसून राहिले. झालं होतं की नाही, मला कळत नव्हतं. पण भूक लागली होती, ते मात्र कळत होतं, आणि त्याचीही मला लाज वाटत होती.